परशुराम, राम, कृष्ण: दिलेला शब्द आणि धर्म कसा तोलायचा

हिंगोलीकडच्या एका तरुण कीर्तनकारांचा प्रश्न आहे. रामनवमीच्या सप्त्यात कीर्तन उरकलं आणि पारावर वाद पेटला. परशुरामाने बापाच्या सांगण्यावरून आईचं शिर उडवलं, रामाने बापाच्या शब्दापायी राज्य सोडलं आणि कृष्णाने तर शस्त्र न धरण्याची स्वतःचीच प्रतिज्ञा मोडली. तिघेही विष्णूचेच अवतार. मग खरा धर्म कोणाचा? आणि कीर्तनात हे मांडायचं तर कसं?

महाराज, 'मोठा कोण' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या उपासनेवर जातं आणि तिथे वादाला अंत नाही. प्रसंग मात्र तोलता येतात, आणि ते कसे तोलायचे हे ग्रंथांनीच दाखवून दिलंय. पारावर जी तीन वाक्यं बोलली गेली ती तिन्ही अर्धी आहेत. पुढचं अर्धं ग्रंथात आहे.

परशुरामापासून सुरुवात करू, कारण रेणुकामाता माहूरगडावर आहे आणि आपल्या भागात ही कथा लहान पोरालाही ठाऊक असते. महाभारताच्या वनपर्वात ती सविस्तर येते. नदीवर गेलेल्या रेणुकेचं मन जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाला पाहून क्षणभर चळलं, ते जमदग्नींनी ओळखलं आणि संतापून मुलांना तिचा वध करायला सांगितलं. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू हे चौघे थोरले सुन्न होऊन गप्प राहिले. बापाने त्यांना शाप दिला, ते पशुपक्ष्यांसारखे जड झाले. परशुरामाने परशू उचलला. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्यानंतर बापाचा राग उतरला आणि 'वर माग' म्हणाला, तेव्हा या मुलाने काय मागितलं ते नीट वाचा. आई उठू दे. तिला या वधाची आठवण राहू नये. मला या पापाचा स्पर्श होऊ नये. भाऊ पूर्ववत होऊ देत. युद्धातलं अजिंक्यपण आणि दीर्घायुष्य ही मागणी सगळ्यात शेवटी.

आज्ञा पाळणं हाच पुरा धर्म असता, तर पापाचा स्पर्श नको असा वर मागायची गरजच नव्हती. ज्याने आज्ञा पाळली त्यालाच ते पाप वाटतं, आणि ग्रंथ ते लपवत नाही. कीर्तनात 'आईला आठवण राहू नये' आणि 'मला पाप लागू नये' हे दोन वर सुटले की कथा एकदम उलट्या अर्थाची होते. नेमके हेच दोन वर बहुतेक वेळा सुटतात, कारण परशू उचलण्याच्या प्रसंगावर टाळमृदंग टिपेला गेलेला असतो.

माहूरची स्थलकथा तर आणखी पुढे जाते. जमदग्नींचा वध झाल्यावर परशुरामाने कावडीच्या एका बाजूला बापाचा देह आणि दुसऱ्या बाजूला आईला बसवलं आणि कोरी भूमी शोधत तो माहूरला आला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून तिथे अंत्यसंस्कार झाले, रेणुका सती गेली. आईसाठी तो आक्रोश करू लागला तेव्हा आकाशवाणी झाली, आई जमिनीतून वर येईल, मागे वळून पाहू नकोस. त्याने पाहिलं. तोवर मुखच वर आलं होतं. म्हणून गडावर आईच्या मुखाचीच पूजा होते. ही कथा वनपर्वात नाही, ती माहूरची म्हणूनच सांगा. पण श्रोत्यांना हे दाखवा की ज्या मुलाने आईचं शिर उतरवलं त्याच मुलाला आपल्या परंपरेने आईची कावड वाहायला लावली आणि आईसाठी रडायला लावलं. आज्ञापालनापाशी कथा संपवणं आपल्या लोकांना पटलेलं नाही.

आता याच्याच शेजारी शांतिपर्वातलं चिरकारीचं आख्यान ठेवा. ते फार थोडे कीर्तनकार घेतात, याची खंत वाटते. प्रसंग जवळजवळ तोच आहे. गौतम ऋषी पत्नीच्या व्यभिचाराने संतापतात, 'हिला मार' असं मुलाला सांगून वनात निघून जातात. मुलगा स्वभावाने संथ, प्रत्येक गोष्टीचा फार वेळ विचार करणारा, म्हणून नाव चिरकारी. तो हातात शस्त्र घेऊन विचार करत बसतो. पित्याची आज्ञा पाळणं हा परम धर्म, आईचं रक्षण करणं हाही माझाच धर्म, मग यातून सुटायचं कसं? तिकडे वनात गौतमांचा राग ओसरतो. आपण काय करून बसलो या विचाराने ते रडत परततात, मुलाने आज तरी उशीर केलेला असू दे अशी आस धरून. आई जिवंत असते. मुलगा शस्त्र टाकून पायावर डोकं ठेवतो आणि बाप त्याला पोटाशी धरतो. राग, दर्प, मान, द्रोह, पापकर्म आणि अप्रिय कर्तव्य यांच्या वेळी उशीर करणाराच वाखाणला जातो, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

म्हणजे एकाच महाभारतात एकच आज्ञा तीन प्रकारे हाताळली जाते. चौघे भाऊ गप्प राहिले, त्यांना शाप मिळाला. परशुरामाने पाळली, त्याला वर मागून पाप धुवावं लागलं. चिरकारीने लांबवली, त्याला आशीर्वाद मिळाला. ग्रंथाने यातलं एकही खोडलं नाही. मनुस्मृती तर हिशोबच मांडते: दहा उपाध्यायांपेक्षा एक आचार्य, शंभर आचार्यांपेक्षा पिता आणि हजार पित्यांपेक्षा माता गौरवाने अधिक. हे प्रमाण परशुरामाच्या आख्यानासोबत जरूर म्हणा.

रामाकडे वळताना अयोध्याकांडाचे दोन सर्ग शेजारी ठेवून वाचावे लागतात. एकविसाव्या सर्गात कौसल्या रामाला अडवते. राजा तुला जितका पूज्य तितकीच मीही, मी तुला परवानगी देत नाही, वनात जाऊ नकोस, असं ती म्हणते. राम पित्याचं वचन पाळणाऱ्यांचे दाखले देतो: गाय मारणारा कंडू ऋषी, पृथ्वी खणताना नष्ट झालेले सगरपुत्र आणि आईचा वध करणारा परशुराम. रामाच्या तोंडी रेणुकेची कथा येते हे अनेकांना ठाऊक नसतं. पण दाखला दिला तरी राम आईला तोडून निघत नाही. तो समजावत राहतो, आणि शेवटी कौसल्या स्वतः स्वस्तिवाचन करून, मंगलविधी करून त्याला निरोप देते. दाखला परशुरामाचा असला तरी वागणूक परशुरामाची नाही.

चौतिसाव्या सर्गात दशरथ रामाला काय म्हणतो, ते बघा. 'कैकेयीला वर देऊन मी फसलो, तू मला कैद करून आजच अयोध्येचा राजा हो.' म्हणजे वनात जा अशी बापाची इच्छा नव्हतीच. रामाने बापाची आज्ञा पाळली असं आपण सर्रास म्हणतो, प्रत्यक्षात त्याने बापाच्या इच्छेविरुद्ध बापाचा शब्द राखला. युद्धात कैकेयीने प्राण वाचवले म्हणून दशरथाने शुद्धीत, कृतज्ञतेने दिलेले ते दोन वर होते. जमदग्नींचा शब्द रागाच्या भरातला होता. दोन्हींना 'पितृआज्ञा' म्हणून एका दावणीला बांधलं की तुलना तिथेच चुकते. दशरथ गेल्यावर चित्रकूटावर भरत विनवतो, जाबाली नावाचा ब्राह्मण तर परलोकच नाकारून युक्तिवाद करतो, तरी राम हलत नाही, कारण शब्द देणारा गेला म्हणून शब्द संपत नाही. आणि त्या शब्दाची किंमत, चौदा वर्षांचा वनवास, राम आपल्या अंगावर घेतो.

तुलनेला हाताशी एकच खूण ठेवायची तर मी ही सांगेन: शब्द पाळल्याची किंमत कोण मोजतो? स्वतः मोजणार असाल तर शेवटपर्यंत पाळा, रामासारखा. दुसऱ्याला मोजावी लागणार असेल तर शास्त्र हात धरतं आणि विचार करायला लावतं.

याचा सगळ्यात नेमका दाखला कर्णपर्वात आहे. 'गांडीव दुसऱ्याला दे' असं म्हणेल त्याचा मी वध करीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. कर्णाकडून घायाळ झालेला युधिष्ठिर वैतागून तेच बोलतो आणि अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला थांबवतो आणि दोन गोष्टी सांगतो. बलाक नावाच्या व्याधाने एक आंधळं श्वापद मारलं. ते सर्व प्राण्यांचा नाश करायला निघालेलं होतं, म्हणून बलाक स्वर्गाला गेला. कौशिक नावाचा ब्राह्मण सदा खरं बोलण्याचं व्रत घेतलेला. लपलेली माणसं कुठे गेली हे त्याने दरोडेखोरांना खरं सांगितलं, ती मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मग 'धारणाद्धर्ममित्याहुर्धर्मो धारयते प्रजाः' हे वचन येतं. प्रजेला धरून ठेवतो तो धर्म.

तरीही कृष्ण अर्जुनाला 'प्रतिज्ञा सोडून दे' म्हणत नाही, हे विसरू नका. तो वाट काढून देतो. थोरल्याचा अपमान हाच त्याचा वध, म्हणून युधिष्ठिराला 'तू' म्हण, अरेतुरे कर. अर्जुन तसं करतो, मग पश्चात्तापाने स्वतःवरच तलवार उगारतो. त्यावरही तोड निघते: आत्मस्तुती हाच आत्मघात, म्हणून स्वतःची स्तुती कर. आपल्या गावात आजही थोरल्याला एकेरी बोललं की घरात आठ-आठ दिवस अबोला होतो, त्यामुळे हा प्रसंग श्रोत्याला लगेच भिडतो. त्यावर जास्त वेळ द्या.

आता कृष्णाने प्रतिज्ञा मोडली का? इथे दोन ग्रंथ वेगळं सांगतात आणि कीर्तनात ते बेमालूम मिसळले जातात. महाभारतात उद्योगपर्वात कृष्ण 'मी शस्त्र न धरता, न लढता एका बाजूला राहीन' असं म्हणतो. भीष्मपर्वात अर्जुन भीष्मांशी मनापासून लढत नाही असं दिसल्यावर तो दोनदा रथाखाली उडी घेतो, तिसऱ्या दिवशी चक्र घेऊन आणि नवव्या दिवशी हातातल्या चाबकानिशी. दोन्ही वेळा अर्जुन धावत जाऊन पाय धरतो आणि दहाव्या पावलावर त्याला थांबवतो. नवव्या दिवशी तर स्पष्ट म्हणतो, मागे फिर, न लढण्याचं बोलला होतास ते खोटं करू नकोस, लोक तुला मिथ्यावादी म्हणतील. कृष्ण परततो, वार होत नाही. देवाला त्याच्या शब्दाची आठवण भक्त करून देतो, ही दहा पावलं अभंगाच्या चालीत बसवण्यासारखी आहेत.

रथाचं चाक उचललेला कृष्ण भागवताच्या पहिल्या स्कंधातला, भीष्मस्तुतीतला आहे. तिथे शरपंजरी भीष्म म्हणतात की त्याला शस्त्र धरायला लावण्याची माझी प्रतिज्ञा खरी करण्यासाठी देवाने आपली मोडली. भागवताला भक्तीचा महिमा सांगायचा आहे आणि तो तसाच सांगावा. पण चाक, चक्र आणि चाबूक एकाच दमात आले की ऐकणारा विचारणारच, मोडली की नाही मोडली?

भीष्मांचाच आणखी एक धागा घ्या. स्वयंवरातून हरण करून आणलेल्या अंबेला स्वीकार अशी गुरू परशुरामांची आज्ञा. ब्रह्मचर्याचं व्रत राखण्यासाठी भीष्म गुरूंशी तेवीस दिवस लढतात, आणि उन्मत्त झालेल्या, कार्याकार्य न कळणाऱ्या, आडमार्गाला लागलेल्या गुरूलाही सोडावं अशा अर्थाचा श्लोक म्हणतात. जवळजवळ हाच श्लोक अयोध्याकांडात लक्ष्मण दशरथाविरुद्ध म्हणतो, आणि राम तो मानत नाही. एकच वचन एकाच्या तोंडी चालतं, दुसऱ्याच्या तोंडी अडतं, कारण बोलणारा, ऐकणारा आणि वेळ वेगळी. म्हणून प्रमाण म्हणून श्लोक घेताना तो कोणी कोणाला कधी म्हटला, हे ठाऊक असल्याशिवाय घेऊ नका. आणि भीष्मांच्या व्रताची किंमत अंबेने मोजली. ती पुढे शिखंडी होऊन परत आली, हेही सांगा.

'रामाने केलं ते करावं, कृष्णाने सांगितलं ते करावं' असं आपल्याकडे बोललं जातं. म्हण सोयीची आहे, पण वालीला आडून बाण मारणारा रामच होता. वाली मरता मरता रामाला चार शब्द सुनावतो आणि वाल्मीकी ते पुरे ऐकवतात. यापेक्षा पक्का नियम भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे. रासलीलेवर परीक्षिताने शंका काढली तेव्हा शुक म्हणतात: ईश्वरांचं वचन सत्य, आचरण क्वचितच अनुकरणीय. जे त्यांच्या वचनाशी जुळतं तेवढंच शहाण्याने आचरावं. जो ईश्वर नाही त्याने तसं मनातही आणू नये, रुद्र नसताना हलाहल प्यावं तसा नाश होतो. परळी-औंढ्याच्या ज्योतिर्लिंगांच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपस्तंबाच्या धर्मसूत्रातही तेच: पूर्वजांच्या हातून धर्माचं उल्लंघन आणि साहस घडलेलं दिसतं, त्यांच्या तेजामुळे त्यांना दोष लागला नाही, पण ते पाहून तसं करणारा नंतरचा माणूस बुडतो.

याचा अर्थ देवाला सगळं माफ, असा मात्र नाही. 'अश्वत्थामा मेला' या अर्धसत्याची किंमत बघा. पृथ्वीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ जमिनीला टेकला आणि शेवटी त्याच कपटापायी त्याला नरक पाहावा लागला. तो सल्ला देणाऱ्या कृष्णालाही सुटका नाही. गांधारीने शाप दिला, छत्तिसाव्या वर्षी यादवकुळ आपसांत लढून संपलं, आणि कृष्णाने तो शाप स्मित करून स्वीकारला. गीतेचा कृष्ण आणि मौसलपर्वातला कृष्ण एकच, हे श्रोत्यांना एकदा तरी ऐकू द्या.

राम आणि कृष्ण जिथे खरोखर एक होतात ती जागा शरणागतीची. बिभीषण आला तेव्हा सुग्रीव सावध करत होता, राम म्हणतो, 'मी तुझा' म्हणून एकदा शरण आलेल्याला मी सर्व भूतांपासून अभय देतो, हे माझं व्रत आहे. खुद्द रावण आला तरी चालेल. गीतेच्या अठराव्यात 'सर्वधर्मान्परित्यज्य' म्हणणारा वेगळं काही बोलत नाही. तुलनेचं कीर्तन इथे आणून पोचवलं तर दोन्ही उपासनांची माणसं समाधानाने उठतात.

तयारी अशी करा. प्रत्येक प्रसंगाला वहीचं एक पान, पाच रकाने: ग्रंथ आणि पर्व किंवा सर्ग, शब्द कोणी आणि कोणत्या मनःस्थितीत दिला, समोर दुसरा कोणता धर्म उभा आहे, किंमत कोणी मोजली, ग्रंथाने पुढे काय फळ दाखवलं. पाचवा रकाना रिकामा राहिला तर प्रसंग अजून पुरा वाचलेला नाही असं समजा. दोन तासांच्या कीर्तनात असे दोनच प्रसंग घ्या, तीन घेतले की तिन्ही उरकले जातात. पहिल्या दिवशी परशुराम घेतलात तर त्याच कीर्तनात चिरकारी घ्या, दुसऱ्या दिवसावर टाकू नका, कारण कालचे सगळे श्रोते उद्या नसतात.

स्वधर्मासाठी ओवी हवी असेल तर 'स्वधर्मु जो बापा । तोचि नित्ययज्ञु जाण पां' ही ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातली घ्या. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'रामः शस्त्रभृतामहम्' यातला राम कोणता, असं कोणी विचारेल. काहीजण परशुराम धरतात, ज्ञानेश्वरीत तो रावणाला मारणारा राम आहे. दृष्टान्त आपल्या मातीतला हवा असेल तर पैठणच्या नाथमहाराजांचा घ्या. रामेश्वराला वाहायची गंगा त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, असं परंपरा सांगते. संकल्प त्यांचा होता, तहान दुसऱ्या जीवाची होती.

दोन सावधगिऱ्या. परशुरामाचं नाव निघालं की पारावरची चर्चा हमखास आजच्या जातींवर घसरते. ग्रंथातला शत्रू कार्तवीर्य राजा आणि जमदग्नींना मारणारे त्याचे पुत्र आहेत, तिथून हलू नका. दुसरी, श्रोत्यांत महानुभाव मंडळी असतील तर लक्षात ठेवा की त्यांच्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण आणि माहूरचे दत्तात्रेय आहेत, राम नाही. त्यांच्यासमोर अवतारांची क्रमवारी लावायला गेलात तर सप्त्याचं वातावरण नाहक बिघडेल. टीव्हीवरच्या मालिकांतलं ग्रंथाच्या नावावर खपवू नका: लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाही आणि 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य महाभारतात नाही.

सीतात्यागावर प्रश्न येईलच. तो भाग उत्तरकांडातला आहे आणि ते कांड मागाहून जोडलं गेलं असं बरेच अभ्यासक मानतात, पण तेवढं सांगून माईक खाली ठेवू नका, समोर बसलेल्या बायकांना ते उत्तर वाटत नाही. किंमत कोणी मोजली ही खूण इथे रामाच्या विरुद्ध जाते, तसं सरळ म्हणा. राजाचा धर्म आणि पतीचा धर्म समोरासमोर आले आणि भोगलं सीतेने. तिला आसरा देतात ते स्वतः वाल्मीकी, तिच्या शुद्धतेसाठी स्वतःची तपश्चर्या पणाला लावतात तेही वाल्मीकी, आणि दुसऱ्यांदा परीक्षा मागितल्यावर ती परत न येता पृथ्वीच्या पोटात जाते. हे सगळं काल्याच्या दिवशी घेऊ नका, त्या दिवशी गोपाळकाल्याची घाई असते. पाचव्या किंवा सहाव्या दिवशी पुरा वेळ राखून घ्या.